‘लॉलर्ड’ हा शब्द जुन्या इंग्रजी कागदपत्रांत कसा वाचावा

चौदाव्या शतकाची अखेर ते सोळाव्या शतकाचा आरंभ या काळातील इंग्लंडचा इतिहास वाचणाऱ्याला ‘लॉलर्ड’ हा शब्द पावलोपावली भेटतो. ऑक्सफर्डचा धर्मशास्त्रज्ञ जॉन विक्लिफ याचे अनुयायी, चर्चच्या संपत्तीवर आणि धर्मगुरूंच्या आचरणावर उघडपणे टीका करणारे, बायबल स्वतःच्या भाषेत वाचू पाहणारे लोक, असा त्याचा अर्थ कोशात दिलेला असतो. हा अर्थ खोटा नाही. परंतु तेवढ्यावर विसंबून मूळ कागदपत्रांकडे वळलेल्या वाचकाची फसगत होते, कारण हे नाव त्या लोकांनी स्वतः घेतलेले नव्हते. ते त्यांच्या विरोधकांनी त्यांना हिणवण्यासाठी वापरले, पुढे बिशपांनी ते सरकारी भाषेत आणले, आणि शेवटी ज्याच्या नावामागे ते लागले त्याला कधी गावासमोर उघड्या पायांनी प्रायश्चित्त करावे लागले, तर कधी जिवंत जाळून घ्यावे लागले. अशा शब्दाचे वाचन सावधपणे आणि ठरावीक क्रमाने केले पाहिजे: हा शब्द कोण उच्चारतो आहे, कोणत्या वर्षी, कोणत्या मतावरून, आणि ते मत कोणाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आले आहे. हा क्रम इतिहासाचे विद्यार्थी, अनुवादक आणि जिज्ञासू वाचक अशा तिघांनाही उपयोगी पडेल असे मी मानतो.

शब्दाचे तीन झरे

प्रथम या शब्दाच्या पोटात कोणकोणते अर्थ मिसळले आहेत ते ध्यानात घ्यावे. मध्ययुगीन डच भाषेत ‘लोलेन’ म्हणजे पुटपुटणे किंवा गुणगुणणे. चौदाव्या शतकाच्या आरंभीच आजच्या बेल्जियम व नेदरलँड्सच्या प्रदेशात काही भाविक मंडळींना ‘लोलार्ड’ म्हणत असत. ही मंडळी आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, बेवारस मृतांना मूठमाती देत आणि प्रार्थना पुटपुटत फिरत. त्यांच्यात धर्मनिष्ठ होते तसेच ज्यांच्या निष्ठेविषयी चर्चला संशय होता असेही होते, आणि त्या संशयाचा वास शब्दाला तेव्हापासूनच लागला.

दुसरा झरा इंग्रजीतलाच आहे. ‘लॉलर’ म्हणजे काम न करता लोळत पडणारा, भटकणारा, भिक्षेवर जगणारा ऐतखाऊ. विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात लंडनचे जे ‘लॉलर’ येतात ते याच अर्थाने येतात. तिसरा झरा म्हणजे धर्मगुरूंनी जुळवलेला श्लेष होय. लॅटिन भाषेत ‘लोलियम’ म्हणजे गव्हात उगवणारे निदण, म्हणजेच तण. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात चांगल्या पिकात वैऱ्याने निदण पेरल्याचा दाखला आहे, आणि ‘लोलियम’ व ‘लोलार्डी’ यांच्या नादसाम्यावरून पाखंडी म्हणजे प्रभूच्या शेतातील निदण ही कल्पना प्रवचनांतून सहज रूढ झाली. व्युत्पत्ती म्हणून हा तिसरा अर्थ खरा नाही, पण लोकांच्या कानात तो होता, आणि वाचकाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे.

कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ या यात्रेकरूंच्या कथांच्या काव्यात हे तिन्ही अर्थ कसे एकत्र येतात ते पाहण्यासारखे आहे. सरायवाला देवाची शपथ घालून बोलतो, तेव्हा गावचा गरीब धर्मगुरू त्याला शपथ न घेण्याविषयी टोकतो, आणि सरायवाला लगेच म्हणतो की आपल्याला वाऱ्यावर लॉलरचा वास येतो आहे. पाठोपाठ दुसरा प्रवासी बजावतो की हा माणूस आमच्या स्वच्छ धान्यात निदण पेरील. येथे धर्मगुरूने कोणताही सिद्धान्त मांडलेला नाही; त्याने फक्त बेफाम शपथा घेण्याला हरकत घेतली आहे. तेवढ्यावरून त्याला लॉलर ठरवले जाते. म्हणून वाचकाने पहिली सवय अशी लावून घ्यावी की शब्द भेटताच त्याच्या आसपासच्या दोन-चार वाक्यांत कोणती प्रतिमा आली आहे ते पाहावे. गहू, बी, पेरणी, निदण अशा प्रतिमा असतील तर बोलणारा बहुधा चर्चच्या बाजूने पाखंडाविषयी बोलत असतो. आळस, भीक, भटकंती यांचा उल्लेख असेल तर ‘लॉलर’चा जुना, सैल अर्थ अभिप्रेत असण्याची शक्यता धरावी आणि त्या माणसाला घाईने विक्लिफचा अनुयायी ठरवू नये.

बोलणारा कोण

१३८२ च्या मे महिन्यात कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम कोर्टनी याने लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स येथे धर्मसभा भरवली आणि विक्लिफच्या शिकवणीतून काढलेली २४ विधाने निषिद्ध ठरवली. त्यांतील १० विधाने पाखंडी आणि १४ चुकीची असा निवाडा झाला. सभा चालू असताना भूकंपाचा धक्का बसला आणि दोन्ही पक्षांनी त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावला. याच उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये हेन्री क्रम्प नावाच्या सिस्टर्शियन मठवासी पंडिताने विक्लिफच्या बाजूच्या लोकांना जाहीरपणे ‘लोलार्डी’ म्हटले. विद्यापीठाच्या कुलपतीने शांतताभंग केल्याच्या कारणावरून क्रम्पलाच अध्यापनातून दूर केले. इंग्लंडमधील पाखंडाच्या संदर्भात या शब्दाचा हा सर्वांत जुना ज्ञात वापर मानला जातो. त्या क्षणी ही शिवी होती, आणि ती देणाऱ्याला शिक्षा झाली. पुढे १३९२ मध्ये याच क्रम्पला स्वतःच पाखंडाच्या आरोपाला तोंड द्यावे लागले, यावरून त्या काळी ही रेषा किती सहज सरकत होती याची कल्पना यावी.

पाचच वर्षांनी, १३८७ मध्ये, वूस्टरचा बिशप हेन्री वेकफील्ड याने आपल्या आदेशात काही उपदेशकांची नावे घेऊन ते ‘लॉलर्डांच्या नावाने’ एकत्र आल्याचे लिहिले आणि त्यांना आपल्या हद्दीत उपदेश करण्यास मनाई केली. शिवी आता दप्तरात शिरली होती. ज्या कागदावर हा शब्द आहे तो बिशपचा आदेश आहे, वृत्तान्तकाराचा ग्रंथ आहे, शेजाऱ्याची साक्ष आहे की रस्त्यावरच्या भांडणाची आठवण आहे, याची नोंद प्रत्येक वेळी वेगळी करावी. सेंट ऑल्बन्सचा मठवासी टॉमस वॉल्सिंगम किंवा लेस्टरचा वृत्तान्तकार हेन्री नाइटन यांच्या लेखनात हा शब्द आला की तेथे संताप बोलत असतो. रस्त्यात दोन माणसे भेटली तर त्यांतला एक विक्लिफचा शिष्य असायचा, असे नाइटनने लिहून ठेवले आहे. हे वाक्य पुष्कळ पुस्तकांत जनगणनेच्या आकड्यासारखे उद्धृत झाले आहे, याचा मला खेद वाटतो. नाइटन माणसे मोजत नव्हता. आपल्या गावात आपण अल्पसंख्य झालो आहोत असे त्याला भयाने वाटत होते. भयाचा पुरावा म्हणून ते वाक्य मोलाचे आहे, संख्येचा पुरावा म्हणून नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण सर जॉन क्लॅनव्हो या सरदाराचे आहे. तो राजा दुसरा रिचर्ड याच्या दरबारातला, आणि ज्यांना वृत्तान्तकारांनी लॉलर्ड सरदार म्हटले त्यांच्यापैकी एक. आपल्या एका धार्मिक निबंधात तो लिहितो की जे साधेपणाने राहतात, गडबडगोंधळापासून दूर राहून थोडक्यात समाधान मानतात, त्यांना जग लॉलर आणि नादान म्हणून हिणवते. तो हा शब्द नाकारत नाही आणि मिरवतही नाही. जगाच्या तोंडची निंदा म्हणून तो ती पुढे ठेवतो आणि सज्जनांना ती सोसायला सांगतो. असा वापर आढळला की तो ठळकपणे टिपून ठेवावा, कारण ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले त्यांच्या बाजूने हा शब्द कसा ऐकू येत होता याचे पुरावे फार थोडे आहेत.

ही माणसे आपापसांत स्वतःला काय म्हणत, हेही येथेच पाहून घ्यावे. त्यांच्या लेखनात ‘खरी माणसे’ या अर्थाचा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो. पंधराव्या शतकाच्या मध्यास चिचेस्टरचा बिशप रेजिनल्ड पिकॉक याने त्यांची मते खोडून काढण्यासाठी मुद्दाम इंग्रजीत ग्रंथ लिहिले, आणि ते स्वतःला ‘ओळखीची माणसे’ म्हणवतात असे त्याने नोंदवले. एखाद्या इंग्रजी प्रवचनात किंवा जबानीत हे शब्दप्रयोग दिसले तर ‘लॉलर्ड’ हा शब्द कोठेही नसला तरी सावध व्हावे. मात्र ‘खरा माणूस’ हा शब्द कोणताही सज्जन कोणत्याही सज्जनाविषयी वापरू शकतो, त्यामुळे एवढ्या एकाच खुणेवर निष्कर्ष काढू नये. पिकॉकचा शेवट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. पाखंडाशी तर्काने झगडणाऱ्या या बिशपवर १४५७ मध्ये पाखंडाचाच आरोप आला, त्याला आपली मते जाहीरपणे सोडून द्यावी लागली, त्याचे ग्रंथ जाळले गेले आणि त्याला एका मठात बंदिस्त ठेवण्यात आले.

वर्ष कोणते

एकच शब्द १३८५ मध्ये आणि १४१५ मध्ये उच्चारला तर त्याचे वजन सारखे नसते. आपल्या टिपणवहीत काही वर्षे कायमची लिहून ठेवावीत. १४०१ मध्ये इंग्लंडच्या संसदेने पाखंड्यांना जाळण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी विल्यम सॉट्री या धर्मगुरूला जाळण्यात आले. आर्चबिशप टॉमस अरंडेल याने १४०७ मध्ये तयार केलेले आणि १४०९ मध्ये जारी केलेले नियम बिनपरवाना उपदेशाला आणि बायबलच्या नव्या इंग्रजी भाषांतराला बंदी करणारे होते. १४१० मध्ये जॉन बॅडबी या शिंप्याला स्मिथफील्ड येथे जाळण्यात आले. युवराज हेन्रीने, म्हणजे पुढे पाचवा हेन्री म्हणून गादीवर आलेल्या राजाने, आग थांबवून त्याला मत सोडण्याच्या बदल्यात जीवदान देऊ केले होते, आणि त्याने ते नाकारले.

खरा पालट जानेवारी १४१४ मध्ये झाला. सर जॉन ओल्डकॅसल हा पाखंडी ठरलेला सरदार लंडनच्या टॉवर या किल्ल्यातील कैदेतून निसटला होता. त्याच्या नावाने लंडनबाहेर सेंट जाइल्सच्या मैदानावर बंडाचा प्रयत्न झाला आणि तो राजाने मोडून काढला. ओल्डकॅसल १४१७ मध्ये पकडला जाऊन मारला गेला. १४१४ च्याच लेस्टर येथील संसदेने केलेल्या कायद्याने राजाच्या अधिकाऱ्यांना लॉलर्डांचा शोध घेण्याची शपथ बंधनकारक केली. म्हणजे १४१४ पूर्वी ‘लॉलर्ड’ म्हणजे चुकीच्या मताचा माणूस होता, आणि त्यानंतर तो राजद्रोहाचा संशयितही झाला. या वर्षानंतरच्या कागदात कोणी कोणाला लॉलर्ड म्हटले असेल तर आरोप करणाऱ्याच्या हाती केवढे हत्यार होते हे विसरू नये, आणि जमीन, घर, व्यापार यांवरून त्या दोघांत आधीचे भांडण होते काय तेही तपासावे.

मत कोणते

आता त्या माणसाने नेमके काय म्हटले ते शोधावे. १३९५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या दारावर बारा निष्कर्षांचे एक इंग्रजी पत्रक लावलेले आढळले. मतांची ओळख पटवण्यासाठी ते जवळ ठेवावे. भाकर आणि द्राक्षारस यांचे तत्त्व पालटून ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते या शिकवणीला त्यात विरोध आहे. धर्मगुरूंनी राजाच्या नोकऱ्या करणे, मृतांसाठी पैसे घेऊन प्रार्थना करणे, मूर्तींपुढे नवस व तीर्थयात्रा, धर्मगुरूच्या कानात पापांची कबुली देणे, युद्ध, इतकेच काय सोनार आणि चिलखते बनवणारे यांच्या अनावश्यक धंद्यांवरही त्यात टीका आहे.

या यादीतील सर्व मुद्द्यांचे वजन सारखे धरू नये. लोभी मठवासी आणि आळशी धर्मगुरू यांच्यावरची टीका त्या काळी सर्वत्र होती. ती करणारे बहुसंख्य लोक चर्चला पूर्णपणे मानणारे होते. बायबलचे वचन तोंडपाठ असणे किंवा शपथ घेण्यास नाखूष असणे हीही खात्रीची खूण नव्हे. कसोटीचा मुद्दा बहुधा वेदीवरच्या भाकरीचा असे, आणि न्यायासनापुढे पहिला प्रश्न अनेकदा त्याच्यावरच येई. अभिषेकानंतरही ती भाकरच राहते असे कोणी ठामपणे म्हटल्याची नोंद असेल, सोबत मूर्ती व तीर्थयात्रा यांचा निषेध असेल, आणि तो माणूस अशाच मताच्या इतरांशी जोडलेला दिसत असेल, तर विक्लिफच्या परंपरेचा धागा धरता येतो. विक्लिफच्या स्वतःच्या विचारापासून तो धागा किती दूर आला होता हा निराळा प्रश्न आहे. विक्लिफने लॅटिनमध्ये विद्यापीठासाठी लिहिले होते, आणि शंभर वर्षांनी तीच मते मोची, विणकर आणि सुतार यांच्या घरांत अगदी साध्या, रोखठोक वाक्यांत बोलली जात होती.

ही कसोटी वापरून पाहण्यासाठी मार्जरी केंपसारखे दुसरे उदाहरण नाही. नॉरफकमधील लिन गावची ही बाई १४१७ च्या सुमारास इंग्लंडभर फिरत असताना ठिकठिकाणी अडवली गेली. लेस्टरच्या मेयरने तिला तोंडावर खोटी लॉलर्ड म्हटले, आणि यॉर्कशरमध्ये बायका हातात सूतकताईच्या चात्या घेऊन घराबाहेर धावल्या व हिला जाळा म्हणून ओरडल्या. आता तिचे आचरण पाहावे. ती जेरुसलेम, रोम आणि सांतियागो येथे तीर्थयात्रेला गेली होती, वारंवार पापांची कबुली देत होती, वधस्तंभाच्या मूर्तीपुढे हंबरडा फोडून रडत होती. प्रत्येक बाबतीत ती लॉलर्डांच्या मताच्या विरुद्ध टोकाला उभी होती. यॉर्कचा आर्चबिशप हेन्री बाउएट याने तिला श्रद्धेच्या कलमांवर प्रश्न विचारले, उत्तरे निर्दोष ठरली, आणि अखेरीस तिला आपल्या हद्दीबाहेर पोहोचवण्यासाठी त्याने एका माणसाला पाच शिलिंग दिले. मग तिला लॉलर्ड का म्हटले गेले? ती बाई असून चारचौघांत धर्मावर बोलत होती, शपथा घेणाऱ्यांना टोकत होती, आणि पांढरी वस्त्रे नेसून नवऱ्यावाचून फिरत होती. लोकांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ किती पसरला होता, आणि गैरसोयीच्या माणसाला गप्प करण्यासाठी तो कसा कामी येत होता, हे या एका प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही कोशातून होणार नाही.

न्यायासनापुढील जबान्या

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा लागतो, कारण सामान्य लॉलर्डांविषयी आपल्याला जे कळते त्यातील मोठा भाग त्यांच्या खटल्यांतूनच कळतो. उदाहरणासाठी नॉरिजचे दप्तर घ्यावे. बिशप विल्यम ॲल्निक याने १४२८ ते १४३१ या काळात आपल्या प्रदेशातील सुमारे साठ जणांवर खटले चालवले, आणि त्यांचा उपदेशक विल्यम व्हाइट याला १४२८ मध्ये जाळण्यात आले. या नोंदी मुख्यतः लॅटिनमध्ये आहेत, परंतु आरोपी इंग्रजीत बोलत होते. म्हणजे आपण जे वाचतो ते लेखनिकाने ऐकून, भाषांतर करून, ठरावीक साच्यात बसवलेले असते.

साचा ओळखण्याची रीत अशी. या काळात बिशपांजवळ संशयितांना विचारावयाच्या प्रश्नांच्या तयार याद्या होत्या. त्यामुळे पाच वेगवेगळ्या माणसांच्या नोंदीत तीच मते त्याच क्रमाने आणि जवळपास त्याच शब्दांत आली, तर ती त्या पाच जणांच्या एकमताचा पुरावा नसून प्रश्नावलीचा ठसा असू शकतो. अशा नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात, सारखी वाक्ये पेन्सिलीने खोडावीत, आणि जे उरेल त्याच्याकडे लक्ष द्यावे. पाखंडत्यागाच्या शपथांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. लॉडन गावच्या मोच्याची बायको हॉविस मोन हिची शपथ इंग्रजीत उपलब्ध आहे आणि ती ‘मी’ म्हणून बोलते. पण तो मजकूर न्यायासनाने तयार केलेला आहे. तिने खाली फक्त क्रूसाची खूण केली. तिच्या घरी गुप्त बैठका होत, पाप न करता चांगले जगणारा प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक स्त्री धर्मगुरूइतकीच योग्य आहे असे ती मानत होती, ही माहिती त्यात आहे. ती खरी असू शकते, तरी तिचा आवाज म्हणून ती उद्धृत करू नये.

आवाज कधी कधी ऐकू येतोही, आणि तो कसा ओळखावा हे मार्जरी बॅक्स्टरच्या प्रकरणावरून शिकावे. मार्टम गावच्या या बाईविरुद्ध १४२९ मध्ये जोन क्लिफलंड या शेजारणीने शपथेवर साक्ष दिली. शेकोटीजवळ शिवणकाम करीत बसलेल्या बायकांचे ते बोलणे आहे. तू रोज देवळात काय करतेस असे मार्जरीने विचारले. क्रूसापुढे गुडघे टेकून ठरलेल्या प्रार्थना म्हणते असे जोनने सांगितले. त्यावर मार्जरी म्हणाली की असल्या लाकडी मूर्तींपुढे वाकण्यात अर्थ नाही, खरा क्रूस बघायचा असेल तर इथेच दाखवते, आणि तिने आपले दोन्ही हात बाजूंना पसरले. लॅटिन नोंदीच्या मध्येच एक वाक्य इंग्रजीत तसेच्या तसे उतरवलेले आहे, ज्यात ती जोनला शपथ घेण्यापासून जपायला सांगते, कारण मधमाशी जिभेला डसेल आणि आत्म्यात विष भिनेल. लेखनिकाने येथे भाषांतर थांबवले आहे. अशा जागा, जिथे भाषा अचानक पालटते, जिथे हाताची एखादी हालचाल नोंदवली जाते, जिथे प्रश्नावलीला ज्याची गरज नव्हती असा तपशील येतो, त्या जपून टिपाव्यात. जिवंत माणसाच्या सर्वांत जवळ आपण तेथेच पोहोचतो.

तरीही साक्षीदाराची बाजू तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये. जोनने हे सारे ऐकले होते, आणि पाखंडी बोलणे ऐकून गप्प राहणाऱ्यावरही संशय येत असे. तिला स्वतःला वाचवायचे होते. याच साक्षीत दुसरा एक पुरावा येतो: लेंटच्या उपवासकाळात, राखेच्या बुधवारानंतरच्या शनिवारी, बॅक्स्टरांच्या घरी चुलीवरच्या झाकलेल्या भांड्यात डुकराच्या मांसाचा तुकडा शिजत असलेला जोनच्या मोलकरणीने पाहिला. उपास मोडणे हे मत आहे की भूक, हे कागदावरून सांगता येत नाही. न्यायासनाने त्याला मत मानले. आपण तेवढ्यावर तसे मानू नये, पण मार्जरीच्या बाकीच्या बोलण्याशी ते जुळते हे मात्र नोंदवावे.

पुस्तके सापडली तर

इंग्रजी बायबल जवळ होते म्हणून अमुक माणूस लॉलर्ड, हा निष्कर्ष फार वेळा काढला जातो, आणि तो बहुधा घाईचा असतो. विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या इंग्रजी बायबलची सुमारे २५० हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत, त्यांतली काही उंची चर्मपत्रावर सोनेरी अक्षरांत सजवलेली आहेत, आणि एक प्रत तर राजा सहावा हेन्री याने मठाला भेट दिली होती. श्रीमंताच्या कपाटात जे पुस्तक भूषण ठरे तेच मोच्याच्या घरात पुरावा ठरे. म्हणून पुस्तकाच्या नोंदीबरोबर मालकाची ऐपत, परवाना होता काय, आणि पुस्तक एकट्याने वाचले जात होते की रात्री शेजाऱ्यांना जमवून मोठ्याने वाचून दाखवले जात होते, हे पाहावे. सामूहिक वाचनाची नोंद पुस्तकाच्या नोंदीपेक्षा अधिक बोलकी असते, कारण ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत ही मते तशीच पोहोचली.

फॉक्सच्या ग्रंथाचा वापर

सोळाव्या शतकात चित्र उलटले. ज्यांना निदण म्हटले जात होते त्यांना नव्या प्रॉटेस्टंट चर्चने आपले पूर्वज मानले, आणि जॉन फॉक्सने १५६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हुतात्म्यांच्या प्रचंड इतिहासात लॉलर्डांना मानाची जागा दिली. विक्लिफ तेथे धर्मसुधारणेच्या पहाटेचा माणूस होतो. फॉक्सला टाळता येत नाही. बकिंगमशरमधील १५२१ च्या खटल्यांचे मूळ दप्तर हरवलेले असल्याने त्यांची बहुतेक माहिती त्याच्याच पानांवर टिकली आहे. परंतु जेथे मूळ दप्तर उरले आहे, जसे नॉरिजचे, तेथे दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की दिसते की त्याने काही मते गाळली किंवा सौम्य केली. ती त्याच्या काळच्या प्रॉटेस्टंटांनाही अडचणीची होती. त्याचा हेतू प्रामाणिक होता. तो हुतात्म्यांची कहाणी सांगत होता. वाचकाने मूळ दप्तर असेल तर आधी ते वाचावे आणि फॉक्स नंतर उघडावा. मूळ दप्तर नसेल तर फॉक्सच्या लॉलर्डांच्या तोंडी जे आले नाही ते त्यांच्या मनातही नव्हते असे धरू नये.

मराठीत लिहिताना

अनुवादकाने ‘लॉलर्ड’च्या जागी सरसकट ‘सुधारक’ लिहू नये, कारण त्याने शब्दातला डंख जातो. ‘पाखंडी’ही लिहू नये, कारण त्याने बिशपचा निवाडा आपल्याच तोंडी येतो. मूळ शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी तो विरोधकांनी दिलेला आहे हे एका वाक्यात सांगावे. वाक्याची रचना करताना कर्ता लपवू नये. ‘मार्जरी केंप लॉलर्ड समजली जाई’ असे लिहिल्यास समजणारे कोण ते नाहीसे होतात. ‘१४१७ मध्ये लेस्टरच्या मेयरने मार्जरी केंपला लॉलर्ड म्हटले, यॉर्कच्या आर्चबिशपने तिची चौकशी केली, परंतु तिच्या श्रद्धेत दोष काढला नाही’ असे लिहावे. मार्जरी बॅक्स्टरविषयी लिहिताना ‘तिच्या शेजारणीच्या साक्षीनुसार’ हे शब्द प्रत्येक महत्त्वाच्या विधानापाशी पुन्हा लिहावेत, वाक्य लांबले तरी चालेल. आणि ज्याच्या मताविषयी कागद काहीच सांगत नाही, फक्त आरोपाचा शब्द आणि शिक्षा एवढेच सांगतो, अशा माणसाची नोंद करताना त्याचे नाव, गाव, धंदा, वर्ष आणि आरोप करणाऱ्याचे नाव लिहून मताची जागा कोरी ठेवावी.